साडेनऊ तासांचं बसणं

कमळीने भिंतीपासून विती टाकायला सुरुवात केली. एक, दोन, तीन आणि वर अर्धी. तिथे फरशीवर खडूची रेघ ओढून तिने प्लास्टिकची खुर्ची पाठमोरी ठेवली आणि कंबरेवर हात देऊन उभी राहिली.

"येवढीच जागा?" शेजारच्या गोटीरामने विचारलं.

"येवढीच. भाविकाने माप पाठवलंय. मागच्या सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत साडेतीन विती."

"येवढ्यात माझं नुसतं पोट बसंल."

"तुमच्या पोटाला कोन नेतंय लंडनला? तुमी बाजूच्या खुर्चीत बसा आनि मधून मधून कोपर मारा. विमानात बाजूचा माणूस कोपर मारतो, भाविका बोलते."

गोटीरामला हे काम मनापासून आवडलं. साठ वर्षं त्याने दिवाळे गावच्या कोळीवाड्यात लोकांना फुकट कोपर मारले होते, आज पहिल्यांदाच कोणी आमंत्रण देऊन बोलावलं होतं.

त्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता कमळीच्या पुढच्या खोलीतून विमान सुटलं. तीन खुर्च्या, वर एक पंखा, समोरच्या खुर्चीच्या पाठीला सुतळीने बांधलेला भाविकाचा जुना मोबाइल, टीव्ही म्हणून. हवाईसुंदरीच्या जागी गोटीरामची बायको सुमित्राबाई होती. ती गल्लीतून चालायला लागली की सायकली आपणहून भिंतीला लागत. चहाचा ट्रे हातात घेऊन ती सकाळपासून दोनदा आरशात बघून आली होती.

आणि प्रवासी एकच. कमळीचा नवरा बाळाराम.

बाळाराम खाटेवरून उठला तो कमळीच्या खांद्यावर हात टाकून, पाय ओढत, पण स्वतः चालत आला. खुर्चीत बसताना त्याने तोंडातून आवाज काढला नाही. आवाज आत ठेवायला लागलेली ताकद मात्र मानेच्या शिरांवर दिसली. त्याच्या पाठीच्या मणक्यात गाठ होती. वाशीच्या डॉक्टरांनी औषधांची यादी छोटी करत करत शेवटी एका दुखण्याच्या गोळीवर आणून ठेवली होती, आणि कमळीला दाराआड घेऊन सांगितलं होतं, की पोराला भेटवायचं असेल तर याच महिन्यात भेटवा. झोपवून नेता आलं तर न्या.

पोरगा प्रणय लंडनला म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला होता. तिथे राहायचे त्याचे कागद कुठल्याशा टेबलावर अडकले होते, आणि कागद हातात यायच्या आधी तो देशाबाहेर पडला तर परत आत घेणार नव्हते. तिकडच्या म्हाताऱ्यांना तो रोज उठवून बसवायचा, कुशीवर वळवायचा. इकडच्या म्हाताऱ्यासाठी त्याला दोन तिकिटं पाठवता आली. साधी, बसायची. उद्या रात्री दोनचं विमान, साडेनऊ तास.

आणि परवा त्यांच्या लेकीचा, भाविकाचा, फोन आला. ती ऐरोलीला एका कंपनीत होती, तिकिटांचं सगळं तीच बघत होती.

"आई, त्याच विमानात फर्स्ट क्लासची एक सीट खाली दाखवते. अपग्रेड मिळतंय. सपाट होते सीट, पलंगासारखी. वर गादी टाकतात, चादर देतात. बाबा झोपून जातील."

कमळीने किंमत विचारली. भाविकाने सांगितली. कमळीने पुन्हा विचारली, कारण पहिल्यांदा ती सीटची नसून अख्ख्या विमानाची वाटली.

"कमी नाय करनार?"

"आई, अ‍ॅप आहे ते. अ‍ॅप कमी करत नाही."

"तू विचारलंस?"

"अ‍ॅपला काय विचारू? परवा संध्याकाळी सहापर्यंत घ्या, नाहीतर गेली, एवढंच लिहिलंय."

चाळीस वर्षं कमळीने धक्क्यावर बोली लावून मासळी घेतली होती. समोरच्याच्या पापणीवरून तिला त्याचा शेवटचा भाव कळायचा. ज्याला पापणीच नाही, अशा विकणाऱ्यासमोर ती पहिल्यांदाच उभी राहिली.

त्या सीटची किंमत बरोबर बाळारामच्या होडीएवढी होती. इंजिनासकट, जाळ्यासकट, गळक्या बादलीसकट. होडी घ्यायला गोटीराम गेली पाच वर्षं तयार होता. पैसे तर त्याने पाकिटात घालून कपाटात ठेवले होते. बाळाराम मात्र ऐकायला तयार नव्हता.

"माझी होडी विकून मी झोपनार? आनि उद्या परत आलो की खाडीवर जाऊन काय, हात हलवत उभा राहू?"

"तुमाला जेवनापुरतं बसवत नाय," कमळी म्हणाली. "चौथा घास घेईपर्यंत आडवे होता."

"जेवनाचं वेगलं. मी होडीत दीड पानी बसलेलो हाय. एक पानी भरती, अर्धं पानी ओहोटी, जागेवरनं हललो नाय. एकदा तर येवढा बसलो, येवढा बसलो, बगल्याने डोक्यावर घरटं केलं. अंडी घातली. आता पिल्लं उडाल्याबिगर उठायचं कसं? बसलो."

"मग बसून दाखवा," कमळी म्हणाली. "साडेआठ ते सहा. बसलात तर होडी तुमची आनि साधी सीट. उठलात तर गोटीभावजींची होडी आनि तुमी झोपून चला."

असा सौदा ठरला. होडीवर डोळा असलेला माणूसच साक्षीदार म्हणून बाजूला बसला, आणि त्याच्याएवढं लक्ष देऊन घड्याळ बघणारा साक्षीदार अख्ख्या नवी मुंबईत मिळाला नसता.

पहिला तास वाईट गेला. बाळारामच्या कपाळावरून घाम निघाला, भुवईत थांबला, मग नाकाच्या शेंड्यावरून खाली पडला. त्याने दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे असे धरले होते, जसं कोणी ती खुर्ची त्याच्याखालून ओढून नेणार होतं. बोलणं मात्र थांबवलं नाही. सुमित्राबाईला त्याने विमानात वारा कुठल्या बाजूने लागतो ते समजावलं. गोटीरामला जिताड्याची गोष्ट सांगितली. जिताडा गळाला लागला वाशीच्या पुलाखाली, आणि होडी ओढत घेऊन गेला उरणपर्यंत. तिथे चहाला थांबला, आणि होडी परत ओढत आणून सोडली.

"चहाला जिताडा थांबला का तू?"

"दोघं पन. त्याने बिनसाखरेचा घेतला."

हसता हसता गोटीरामने कोपर मारला. बाळारामचे डोळे पांढरे झाले. कमळी दारात भाजी निवडत होती. तिच्या हातातली काडी मोडली. उठेल, तिला वाटलं. आता उठेल. आणि तिला हेही कळलं, की तो उठावा म्हणून ती वाट बघते आहे, होडी जावी म्हणून, त्याने हरावं म्हणून. तिने भाजीचं ताट उचललं आणि आत गेली.

दुसऱ्या तासात त्याचे ओठ निळसर पडले. तिसऱ्यात गोष्टी तुटक झाल्या. मासा गळाला लागायचा आणि गोष्ट तिथेच बुडायची. मग गोटीरामच घाबरला.

"दादा, ऊठ. होडीचं बघू नंतर. मी काय कुठे पलून नाय चाललो."

"विमानात उभं राहता येत नाय. पट्टा बांधलाय," बाळाराम म्हणाला. कमळीने त्याच्या पोटावर जुन्या ओढणीचा पट्टा बांधला होता, तो त्याने बोटाने दाखवला.

दुपारी बाराच्या सुमारास नव्या विमानतळावरून उडालेलं एक खरं विमान छपरावरून गेलं. भांडी किणकिणली. ते गेल्यावर खोलीत शांत झालं, आणि बाळारामने खुर्चीचे दांडे सोडले.

कमळीने ते बघितलं. त्याची बोटं एक एक करून सुटली. खांदे खाली आले. त्याने डोकं मागे भिंतीला टेकवलं आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

"दुखतंय?" तिने जवळ जाऊन हळूच विचारलं.

"नाय," तो म्हणाला, आणि त्यालाच नवल वाटल्यासारखं तिच्याकडे बघत राहिला. "खरंच नाय, कमले. गेलं. बसून बसून दमलं ते दुखनं. माझ्या आधी उठलं."

त्याने बोंबलाची आमटी आणि भात खाल्ला, चार घासांवर थांबला नाही. कमळीने दुसऱ्यांदा भात वाढला तेव्हा तिचा हात हलका झाला होता. दोन महिन्यांत हे झालं नव्हतं. तिला उगाच वाटून गेलं, डॉक्टर म्हणजे काय देव नाही. कधी कधी गाठी विरतात. पनवेलच्या कुणाची विरली होती, असं कोणीतरी सांगितलं होतं. तिने आमटीत वरून एक बोंबील जास्त घातला.

दुपार अशी गेली, जशी दिवाळ्यात फार दिवसांत गेली नव्हती. बाळाराम रंगात आला. त्याचा आवाज गल्लीत ऐकू जाऊ लागला आणि येणारे जाणारे दारात थांबून दोन गोष्टी ऐकून पुढे जाऊ लागले. लंडनला खाडी आहे का, आणि असली तर तिथल्या माशांना मराठी कळेल का, यावर बराच वेळ चर्चा झाली. सुमित्राबाईने प्रवाशांना ओला रुमाल दिला. गोटीरामने आतापर्यंत दोनदा संडासला जाऊन आपलं पोट हलकं केलं होतं.

"दादा, तू पन जाऊन ये. विमानात संडास असतो, ते नियमात बसतं."

"होडीत कुठे होता संडास?"

"होडीला बाजू असते."

"मना नाय लागली."

"सकालपासून?"

"तुझ्यासारखं पाझरनारं भांडं नाय मी."

सगळे हसले, कमळीही हसली. हसून झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच मडक्यात पाणी किती आहे ते बघितलं. सकाळपासून तिने त्याला चार तांबे पाणी दिलं होतं.

साडेचारला सुमित्राबाई चहा घेऊन निघाली. किटली नुकती गॅसवरून उतरवलेली, झाकणाखालून वाफ येत होती. साडेतीन विती जागेत तिने स्वतःला तिरकं करून घातलं, ट्रे गोटीरामच्या डोक्यावरून नेला, आणि पुढची खुर्ची तिच्या कमरेला लागून सरकली. किटली कलंडली.

"अगो बाय, सांडला."

चहा बाळारामच्या डाव्या पायावर पडला. घोट्यापासून अंगठ्यापर्यंत, सगळा. पायावरून वाफ निघाली.

बाळाराम म्हणत होता, "...तर तो खेकडा बोलला, मालक, मी आता म्हातारा झालो, मना परत सोडा, पोरं वाट बघतात..."

त्याचा आवाज कुठेच अडखळला नाही.

गोटीराम खेकड्याला हसत होता. सुमित्राबाई किटलीत किती उरला ते बघत होती. कमळी दारातून आली, फडकं घेऊन गुडघ्यावर बसली आणि फरशी पुसू लागली. फरशी पुसून झाल्यावर तिने पाय पुसला. कातडी लाल झाली होती, अंगठ्याजवळ फोड धरू लागला होता. तिने अंगठा दाबला. मग नख लावून चिमटा काढला, जोरात, जिवंत निवटी मासळी धरावी तसा. दुसऱ्या पायालाही काढला. वर गोष्ट चालू होती. खेकड्याची सात पोरं होती आणि धाकटा परगावी होता.

मग गोष्ट थांबली.

कमळीने मान वर केली. बाळाराम खाली बघत होता. तिचा हात त्याच्या पिंढरीवर होता, नखं रुतलेली, आणि तो त्या हाताकडे असा बघत होता, जसा कोणी काठावर उभं राहून वाहत जाणारी वस्तू बघतो.

"मग?" गोटीराम म्हणाला. "सोडला का त्याला?"

बाळारामने ओठ ओले केले.

"सोडला," तो म्हणाला. "सोडल्याबिगर काय करनार."

कमळीने फडकं पिळलं. खाटेवरची चादर आणून तिने त्याच्या मांडीवर टाकली आणि दोन्ही पाय झाकले, अगदी फरशीपर्यंत, जसं थंडी वाजते म्हणून झाकतात. बाहेर उन्हाने पत्रे तडतडत होते.

"पाय निजलेत," तो हळूच म्हणाला. "होडीत निजतात तसे. पानी उतरलं की जागे होतील."

"हं," कमळी म्हणाली.

होडीतून उतरलेला नवरा तिने हजारदा बघितला होता. निजलेले पाय घेऊन तो चिखलात उतरायचा, आई आई करत नाचायचा, आणि मुंग्या निघून जाईपर्यंत शिव्या देत राहायचा. त्या पायांवर कोणी गरम चहा ओतला असता तर कोळीवाडाच काय, सगळं बेलापूर जागं झालं असतं. ती तिथेच फरशीवर बसून राहिली. सहाला दीड तास होता. त्याला उठा म्हणायचं, रिक्षा बोलवायची, वाशीला न्यायचं, तिथे ते काय करणार आणि काय म्हणणार हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून क्रमाने गेलं. दवाखान्याची खाट गेली. खाटेला बांधलेल्या बाटल्या गेल्या. मग उद्या रात्री दोन वाजता एक विमान गेलं, दोन खुर्च्या रिकाम्या घेऊन.

ती उठली, हात धुतले, आणि सुमित्राबाईला म्हणाली, "परत चहा ठेवते. मगाचा गेला."

पावणेसहाला भाविकाचा फोन आला. कमळीने तो स्पीकरवर टाकला, कारण तिला दुसरं काही येत नव्हतं.

"आई, पंधरा मिनिटं राहिलीत. काय करू? बाबा बसले का?"

"बसला, बसला," गोटीरामच ओरडून म्हणाला. त्याच्या आवाजात होडी गेल्याचं दुःख होतं आणि त्याहून मोठा अभिमान. "साडेनऊ तास. जागेवरनं हलला नाय, मुतायला पन उठला नाय. लिहून घे, पोरी. माझी होडी बुडाली."

"काय सांगता काका. मग सोडून देते मी सीट."

"घे ती सीट," कमळी म्हणाली.

गोटीरामने वळून तिच्याकडे बघितलं.

"कमले," बाळाराम म्हणाला. "मी बसलो की."

"बसलात. सगल्यांनी बघितलं."

"मग?"

कमळीने त्याच्याकडे बघितलं नाही. "भावजी, होडीची चावी खुंटीला हाय. जाताना न्या. पाकीट भाविकाला द्या उद्या सकाली, ती येईल."

गोटीरामचा हात गुडघ्यावरून उठला आणि परत गुडघ्यावर गेला. पाच वर्षं वाट बघून हाती लागलेली वस्तू अशी अचानक कोणी पुढे केली, की माणसाला ती घ्यायची कशी ते कळत नाही. त्याने बाळारामकडे बघितलं. बाळाराम चादरीकडे बघत होता. दोन्ही हातांनी तो तिची सुरकुती सरळ करत होता.

"घे, गोट्या," बाळाराम म्हणाला. "इंजिन थंडीत लवकर चालू होत नाय. त्याला शिव्या देऊ नको, त्याने अजून अडून बसतं. गोड बोल."

फोनमध्ये भाविका टकटक बोटं मारत होती. "थांबा हां. जाताना एक... झालं. आई, येतानाच्या विमानात पण एक खाली दाखवते. ती पण बघू का? येताना परत बाबांना साडेनऊ तास..."

"जातानाचीच घे."

"पण आई, येताना बाबा कसे..."

"जातानाचीच."

फोनमधून तिच्या ऑफिसातलं कोणीतरी हसताना ऐकू आलं, मग दार लागल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. कमळीने फोन हातात धरून ठेवला. तिचा अंगठा काचेवर होता.

"बरोबर बोलते तुझी आई," बाळाराम म्हणाला, नेहमीच्या आवाजात, दारापर्यंत जाईल एवढ्या. "जाताना झोपून जातो. येताना येईन बसून. आता सवय झाली."

"मग तुला परत बगला भेटंल डोक्यावर," गोटीराम म्हणाला.

"भेटंल. लंडनचा बगला. गोरा."

सुमित्राबाई हसली, गोटीराम हसला. फोनमधून भाविका म्हणाली, "झालं, आई," आणि फोन ठेवला.

सहा वाजले. गोटीराम उठला, कंबर सरळ केली, साडेनऊ तासांच्या प्रवासाने आखडलेले पाय झाडले आणि खुंटीवरून चावी काढताना कोणाकडे बघितलं नाही. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून दारातून वळला.

"उतर आता, दादा. लंडन आलं."

"तुमी उतरा," बाळाराम म्हणाला. "गर्दी कमी झाली की उतरतो मी."

गोटीराम आणि सुमित्राबाई गेले. कमळीने दार लोटून घेतलं. गोटीरामची रिकामी खुर्ची तिने बाळारामच्या खुर्चीला चिकटवली आणि त्याच्या बाजूला, समोर तोंड करून, बसली.